डफाची अक्का

नवा डफ कुणाच्या हाती देण्याआधी अक्का तो तोंडासमोर धरायच्या, आरसा धरावा तसा. करंगळीच्या नखानं कडेला एक टिचकी मारायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. समोरचा माणूस कितीही मोठा असो, तेवढा वेळ गप्प उभा राहायचा. मग अक्का डोळे उघडायच्या आणि बहुतेक वेळा एवढंच बोलायच्या, "अजून नाही."

"अजून नाही म्हणजे कधी, अक्का?"

"तें मला काय विचारता? त्याला विचारा." आणि डफ परत खुंटीला.

तुम्ही आमच्या गल्लीत राहिला असतात तर हे दोन शब्द तुम्हालाही पाठ झाले असते. भात झाला का अक्का? अजून नाही. लेक कमळा शाळेतून आली का? अजून नाही. बायका त्यांच्या मागे त्यांची हुबेहूब नक्कल करत. मी तोंडाला पदर लावून हसत असे. नक्कल करण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

मी पापनाशमहून लग्न होऊन तंजावूरला आले तेव्हा राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं आणि अक्कांचं परसदार लागून होतं. विहीर दोन्ही घरांत एकच. मधली भिंत बरोबर विहिरीवरून गेलेली, अर्धं तोंड त्यांच्याकडे, अर्धं आमच्याकडे. पहिल्या सकाळी मी पाणी काढायला गेले आणि पलीकडून असा वास आला की मी एका हातानं नाक धरलं. चुना आणि ओलं कातडं यांचा तो वास होता. मला तेव्हा माहीत नव्हतं.

पलीकडून आवाज आला, "नवी सून काय गे? नाक सोड आधी. एका हातानं घागर वर येत नाही."

घागर खरंच अर्ध्यावरून खाली गेली. ती अक्कांनी त्यांच्या बाजूनं गळ टाकून काढून दिली. आमची ओळख अशी झाली.

सासूबाईंनी त्याच दिवशी बजावलं, "ती बाई कातडी खरवडते. बाईमाणसाचं काम आहे का तें? तिकडे जायचं नाही." मी गेले नाही. पण पाणी रोज लागतं, आणि विहिरीवर बोलू नको असं कुणी सांगितलं नव्हतं. बोलायच्या अक्काच. मी ऐकायची.

काम खरंच बाईमाणसाचं समजलं जात नसे. अक्कांचे यजमान डफ करत आणि डफावर गातही. अक्का त्यांच्या हाताखाली शिकल्या. यजमान परदेशी गेले आणि काम अक्कांच्या हाती राहिलं. बकऱ्याचं कातडं आलं की त्या ते चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवत. केस सुटू लागले की फुटक्या कौलाच्या धारेनं खरवडत. फणसाच्या लाकडाचं कडं सुतार करून देई. चिंचोके भाजून, भिजवून, पाट्यावर वाटून त्या खळ करत. कातडं ओलं असतानाच कड्यावर ताणून खळीनं चिकटवायचं, काथ्यानं आवळायचं आणि मग सावलीत टांगून वाट पाहायची. खिळा नाही, तार नाही. झाड, जनावर आणि चिंच, एवढ्यावर तो डफ होई.

"उन्हात का नाही ठेवत, अक्का? लवकर वाळेल की," मी एकदा विचारलं. मी स्वतःहून विचारलेला तो बहुधा पहिलाच प्रश्न.

"वरून वाळतं गे, आत ओलंच राहतं. पहिल्या थापेला फाटतं. माणसाचंही तसंच." पुढे काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी कातडं उलटं केलं आणि पुन्हा खरवडायला लागल्या.

हे डफ लागत ते कामदहनाच्या दिवसांत. आमच्या तंजावूरकडे ही रीत कशी आहे ते सांगते. शिवरात्रीनंतर गल्लीच्या तोंडाशी ऊस आणि एरंडाची फांदी रोवतात. तो काम, म्हणजे मदन. पौर्णिमेला तो जाळतात. मधल्या दिवसांत दिवेलागणीला दोन पक्ष समोरासमोर बसून डफावर गाणं म्हणतात. गाणं तमिळ, पण त्याला नाव लावणीच, कारण ते आमच्याच पूर्वजांनी आणलेलं. एक पक्ष म्हणतो, शंकरानं तिसरा डोळा उघडला आणि काम जळाला, राख झाली. दुसरा पक्ष म्हणतो, जळाला नाही. जळाला असता तर तुझं लग्न कसं झालं आणि तुला पोरं कशी झाली? असे सवालजबाब दिवसच्या दिवस चालतात. कुणी हरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

दोन्ही पक्षांचे डफ अक्काच करत. 'जळाला' पक्षाचा म्होरक्या सायकलच्या दुकानाचा मालक होता, देहानं दांडगा. 'नाही जळाला'चा म्होरक्या देवळापाशी हार ओवणारा, काडीसारखा. दोघेही आपल्यातलेच, मराठी. आणि दोघांनाही खात्री की अक्का दुसऱ्याला चांगलं कातडं देतात.

अक्कांनी त्यावर तोड काढली होती. एकाच बकऱ्याच्या कातड्यातून त्या दोन्ही डफ काढत. तरीही भांडण मिटलं नाही.

"उजव्या अंगाचं कुणाला दिलंत, अक्का?" सायकलवाला विचारी.

"बकऱ्याला विचारायचं राहून गेलं बघा."

"त्यांचा डफ खणखणतो. आमचा घोगरा."

"डफ घोगरा नाही हो. आधी तुमचा गळा बघा."

हारवाला पायरीवर बसून खुदखुदू लागला की त्याच्याकडे वळून म्हणत, "आणि तुम्ही हसूं नका. पोटात दोन घास जास्त घाला. डफ धरलाय की डफानं तुम्हाला धरलंय तें लोकांना कळत नाही."

एकदा मी विचारलं, "अक्का, तुम्ही कोणत्या पक्षाच्या?"

"मी? मी बकऱ्याच्या पक्षाची. दोन्हीकडून मार त्यालाच." आणि हसल्या. अक्कांचे यजमान कोणत्या पक्षाकडून गात ते मात्र गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ते 'नाही जळाला'चे.

यजमान नागपट्टणहून बोटीत बसून मलायात पिनांगला गेले होते, रबराच्या मळ्यावर कारकून म्हणून. कमळा तेव्हा पाळण्यात होती. पत्रं येत असत. मग तिकडे युद्ध पोचलं आणि पत्रं थांबली. युद्ध संपलं, आपल्याकडे स्वराज्य आलं, मी लग्न होऊन आले, तरी काही कळलं नाही. तिकडून परतलेला एकजण सांगून गेला की एका गावात चहाच्या दुकानात त्यांना पाहिलं, थोडे वाळलेले दिसले. दुसरा आला तो म्हणाला, जंगलात आगगाडीचा रस्ता करायला ज्यांना नेलं त्यांच्यात ते होते, आणि त्यांच्यातलं कुणी परत आलं नाही. अक्कांनी दोघांनाही पान वाढून जेवू घातलं. दोघांचंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कपाळाचं कुंकू तसंच ठेवलं.

गल्लीनंही ते चालवून घेतलं होतं. हळदकुंकवाला बोलावणं जाई. यजमानांबद्दल कुणी बोलत नसे. पण कमळाचं लग्न ठरायची वेळ आली आणि चालवून घेणं थांबलं.

स्थळ ओरत्तनाडुचं. मुलगा तालुका कचेरीत, शांत, कमळाला पसंत. मुलाची आई मात्र शांत नव्हती. दाराशी बोलली तरी मागच्या विहिरीपर्यंत ऐकू येई असा आवाज. तिनं स्पष्ट विचारलं, "मुलीचा बाप आहे की नाही? नसेल तर नाही म्हणा, आमचं काही म्हणणं नाही. असेल आणि तिकडे दुसरं घर मांडून बसला असेल तर आमच्या मुलाला उद्या सावत्र मेहुणे निघायचे. एक काय तें सांगा."

अक्कांचे दीर त्याच घरात पुढच्या खोल्यांत राहत. सरकारी कचेरीत कारकून, भिडस्त माणूस. वैनीसमोर त्यांचा आवाज कधी चढला नाही. त्या दिवशी दुपारी ते परसात येऊन उभे राहिले. मी भिंतीच्या अलीकडे भांडी घासत होते.

"वैनी, बारा वर्षं केव्हाच उलटली. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा दादा करायचा, मंत्र म्हणून अग्नी द्यायचा. मग मला कन्यादान करायला मोकळीक. त्यांच्या घरीही बोलायला जागा नाही राहणार."

"आणि मी?"

दिरांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"मी त्या दिवशी मागच्या खोलीत. पोरीच्या अक्षताही दाराच्या फटीतून बघायच्या. असंच ना, भावजी?"

"मी काय करूं, वैनी? रीत मी केली नाही."

"अजून नाही, भावजी."

"मग कमळाचं हे स्थळ मोडेल."

त्यानंतर संध्याकाळपर्यंत खरवडण्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या मला म्हणाल्या, "पोरीच्या कपाळाला लावायचं तर माझ्या कपाळाचं पुसायचं. कुठल्या हातानं करूं गे?" त्यांच्या हाताला खळ लागलेली होती. तो हात तसाच घेऊन त्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातावर पाणी ओतलं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी दीर "स्वामीमलैला नवस आहे" असं सांगून पहाटेच्या बसनं गेले. संध्याकाळी परतले ते डोकं आणि मिशी उतरवून. यात नवल काही नाही. आमच्याकडे सगळेच देवाला केस देतात. पण केस दिले की गुरवाच्या घरचं चंदन डोक्याला थापतात, ते दुसऱ्या दिवसापर्यंत पिवळं दिसतं. दिरांचं डोकं कोरडं होतं.

अक्का डफाला काथ्या आवळत होत्या. त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चंदन नाही लावलं, भावजी?"

"लावलं होतं. घामानं गेलं."

"आणि प्रसाद?"

दिरांनी सदऱ्याच्या दोन्ही खिशांत हात घातले. बाहेर काढले. "बसमध्ये राहिला वाटतं."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "कुणीतरी खाईल. पाय धुऊन घ्या. काप्पी टाकतें."

त्यांनी खरंच उठून कॉफी केली. दीर दाराबाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसून ती प्याले, मान खाली घालून. दुसऱ्या दिवशी अक्का मला म्हणाल्या, "माझ्या दिराला खोटं बोलता येत नाही गे. तरी बिचारा एवढ्या लांब जाऊन आला."

दोन दिवसांत पुरोहिताच्या घरून बातमी फुटली आणि गल्लीला कळलं. दिरांनी कावेरीच्या काठी पानांच्या भावाला अग्नी दिला होता. ओरत्तनाडुला तसं कळवलंही होतं. मात्र गावाकडे येताना पुरोहिताला हात जोडून सांगितलं होतं, "वैनीच्या कानावर घालूं नका. त्या आहेत तशा राहूं देत."

आता सांगायचं कुणी? अशी बातमी घरच्या माणसानं सांगावी लागते, मग कुंकू पुसणं आणि पुढचं सगळं होतं. घरच्या माणसानं सांगितली नाही. बाहेरच्या कुणी सांगितली नाही. सासूबाई, ज्या अक्कांच्या नावानं रोज काहीतरी बोलत, त्याही त्या दिवसांत विहिरीवर आल्या की भाजीच्या भावाबद्दल बोलत. सगळ्या गल्लीला जे माहीत होतं ते अक्कांना माहीत नाही असं सगळ्यांनी धरलं, आणि अक्कांनी तसं धरू दिलं.

लग्न गल्लीतच झालं. नारळाच्या झावळ्यांचा मांडव, दाराला केळीचे खांब. कन्यादानाला दीर आणि त्यांची बायको बसले. अक्का बायकांच्या पहिल्या ओळीत, जांभळं लुगडं नेसून, कपाळावर कुंकू. मी त्यांच्या मागे खांबाला टेकून होते. मंगळसूत्र बांधून झालं, वाजंत्री थांबली, आणि विहीणबाई हळदकुंकवाचं तबक घेऊन ओळीनं बायकांना लावत निघाल्या.

अक्कांच्या समोर आल्या आणि थांबल्या.

तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही मान खाली घातली असती. आम्ही सगळ्यांनी घातली. दीर मांडवातून पाहत होते, त्यांच्या डोक्यावर नुकते कोवळे केस फुटले होते. विहिणीला कळवलं होतं की बाप गेला, आणि समोर मुलीची आई कुंकू लावून बसलेली. ती मोठ्यानं बोलली असती तर मांडव तिथंच उधळला असता. कमळा नवऱ्याशेजारी बसून आईकडे बघत होती.

विहीण खाली वाकली. तिचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "विहीणबाई, लावूं की नको? तुम्हीच सांगा."

अक्कांनी मान वर केली. "तुमच्या घरी काय कळलंय तें तुम्हाला ठाऊक. माझ्या घरी मला कुणी काही सांगितलं नाही." मग त्यांनी सावकाश आजूबाजूला पाहिलं. पुरोहिताची बायको, सासूबाई, मी, मांडवातले दीर. "कुणाला सांगायचं असेल तर आता सांगा."

वाजंत्रीवाल्यांपैकी एकजण खोकला, तेवढंच.

"लावा," अक्का म्हणाल्या.

विहिणीनं बोट कुंकवात बुडवलं आणि लावलं. चांगलं मोठं लावलं. मग एकदम आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडली, "अरे, वाजवा की! झोपलात काय?"

त्या दिवसापासून विहिणीविहिणींचं सूत जमलं. दरवर्षी कामदहनाच्या दिवसांत विहीण ओरत्तनाडुहून येऊन आठ दिवस राही. वास सहन होत नसे, तरी परसात पाट टाकून बसे आणि चिंचोके वाटून देई. वाटताना अक्कांना शिव्या घाली. "हें कसलं घर, विहिणीला पाट्यावर बसवतात!" अक्का म्हणत, "जाड वाटलंय. परत वाटा." मी भिंतीअलीकडून ऐकत असे. पुढे पुढे भिंतीवरून मलाही ओढलं जाई. सासूबाई थकल्या होत्या, त्यांनी मनाई करणं सोडलं होतं. एकदा कातडं ताणताना मी एका बाजूनं धरलं. ओलं कातडं हाताला गार लागतं आणि धरलं की आपल्याला ओढतं. अक्का म्हणाल्या, "भिऊं नको गे. तूं ओढ, तेंही ओढेल. दोघांनी ओढलं की मगच बोलतं."

पिनांगकडून कधीच काही आलं नाही. त्यावर अक्का काही बोलल्याचं मला आठवत नाही. कामदहनाला काम जाळत तेव्हा गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत. अक्का त्या वेळी आत असत. डफ मात्र परसातून ऐकत, आणि दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याला सांगत, कुठं हात चुकला.

अक्का गेल्या तेव्हा कमळाची थोरली मुलगी शाळेत जाऊ लागली होती. ताप आला, चार दिवस राहिला, सकाळी त्या उठल्याच नाहीत. ओरत्तनाडुला निरोप गेला. दुपारपर्यंत कमळा, जावई आणि विहीण येऊन पोचले. गल्ली भरली. सायकलवाला आणि हारवाला एकाच पायरीवर बसले होते.

आत न्हाऊ घालायची वेळ झाली आणि बायका अडल्या. सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवायचं, कुंकू लावायचं, की नाही? इतकी वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते आता बोलल्याशिवाय चालणार नव्हतं. तो नदीवरचा अग्नी दिराचा. दिरालाच विचारायला हवं. पण जाणार कोण? मी दाराच्या सगळ्यात जवळ होते, म्हणून मला पाठवलं.

दीर तिण्णैवर बसले होते. केस पिकलेले, डोळे सुजलेले. मी त्यांच्याशी तोवर कधी बोलले नव्हते. मी पदर सावरून उभी राहिले आणि म्हणाले, "लुगडं कोणतं काढायचं, विचारतायत."

विहीण माझ्या मागे दारात येऊन उभी राहिली होती.

मग दीर हळू बोलू लागले. "त्या पहाटे नदीवर दव फार पडलं होतं. पानं ओली होती. अग्नी लावला तर नुसता धूर. पुरोहितानं तूप ओतलं तरी धूरच. मग तो म्हणाला, झालं, आता मागं वळून बघायचं नाही, चला. मी चालायला लागलो." त्यांनी धोतराच्या टोकानं तोंड पुसलं. "मी बघितलं नाही. जळलेलं मी काही बघितलं नाही, बाई."

मी विहिणीकडे वळले. ती आत गेली होती. कोपऱ्यात तिची पिशवी ठेवलेली होती, ती तिनं पुढे ओढली आणि घडीचं हिरवं लुगडं बाहेर काढलं. ते तिनं घरून निघतानाच आणलं होतं.